गाभण मांजरी आणि तिची पिल्लं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मांजरीच्या बाळंतपणाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. निरोगी मांजरी बहुधा आपलं बाळंतपण स्वतःच निभावते. घरच्यांनी घड्याळ आणि वजनकाटा जवळ ठेवावा, आणि गरज पडेपर्यंत हात आवरावा.

प्रश्न : मांजरी महिन्यापूर्वी माजावर आली होती आणि बोक्याबरोबर होती. ती गाभण आहे का, आणि पिल्लं कधी होतील, हे कसं ओळखायचं?

सडांकडे पाहा. गाभण राहिल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते गुलाबी होतात, थोडे फुगतात आणि भोवतालचे केस विरळ होतात. पहिलटकरणीत हा फरक चटकन दिसतो. आधी पिल्लं दिलेल्या मांजरीचे सड मुळातच मोठे असतात, तिथे फसायला होतं. पाचव्या आठवड्यापासून पोट दोन्ही बाजूंनी भरलेलं दिसतं. पोट दाबून पिल्लं चाचपू नका. सरावलेल्या हाताखेरीज त्यातून काही कळत नाही, आणि गर्भाला इजा होऊ शकते.

खात्री हवी असेल तर 25 व्या दिवसानंतर सोनोग्राफी करा. पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतात, पण सोनोग्राफीत आकडा अनेकदा चुकतो. आकडा हवा असेल तर 45 व्या दिवसानंतर, आणि शक्य तर शेवटच्या आठवड्यात, एक्स-रे काढा. तोवर हाडं तयार झालेली असतात आणि कणे मोजता येतात. आमच्या मते हा एक्स-रे जरूर काढावा. पाच पिल्लं आहेत हे माहीत असेल तर चौथ्यानंतर ती थांबली की तुम्हाला कळतं.

गर्भकाळ साधारण 63 ते 65 दिवसांचा. माज काही दिवस चालतो आणि त्या काळात ती अनेकदा बोका घेते (एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात), म्हणून पहिल्या दिवसापासून मोजलं तर चार-पाच दिवस पुढेमागे होतात. 58 व्या दिवसाआधीची पिल्लं सहसा तग धरत नाहीत. 70 दिवस उलटले तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : ती सतत भुकेली असते. खाणं किती वाढवावं? कॅल्शियमची पावडर सुरू करू का?

कॅल्शियम नको. हाडं घडतायत म्हणून कॅल्शियम द्यावं, असं वाटणं साहजिक आहे, पण परिणाम उलटा होतो. बाहेरून आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते. मग पिल्लं झाल्यावर दुधासाठी एकदम मागणी वाढते तेव्हा ती पुरी पडत नाही, आणि मांजरीला झटके येऊ शकतात. डॉक्टरांनी कारण सांगून दिलं तरच द्या.

तिला पिल्लांसाठीचं, म्हणजे वाढीच्या वयासाठीचं तयार खाद्य द्या. त्यात उष्मांक, प्रथिनं आणि कॅल्शियम योग्य प्रमाणात असतं. जुन्या खाद्यात मिसळत आठवडाभरात पूर्ण बदल करा. मांजरीचं वजन पहिल्या आठवड्यापासूनच चढू लागतं, कारण दुधासाठी लागणारी चरबी ती आधीच साठवत असते. शेवटच्या दोन आठवड्यांत पोटात जागा उरत नाही, एका बैठकीत जास्त जात नाही, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं ठेवा. खरी भूक पुढे आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पिल्लं जोरात पीत असताना, तिला एरवीच्या दुप्पट ते तिप्पट खाणं लागतं. त्या काळात ताट कधी रिकामं असू नये आणि पाणी पेटीपासून चार पावलांवर असावं. पाणी कमी पडलं की दूध कमी पडतं.

औषधांबाबत एवढं लक्षात ठेवा. गाभणपणात जिवंत विषाणूंची लस देत नाहीत. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य रोगाच्या तशा लसीने गर्भाच्या मेंदूचा तोल सांभाळणारा भाग खुरटतो आणि पिल्लं जन्मभर लडखडत चालतात. गजकर्णासाठीचं ग्रिसिओफुल्विन गर्भाला व्यंग आणतं. पॅरासिटामॉल मांजराला कधीही, कितीही कमी मात्रेत देऊ नये. जंतांचं औषध मात्र डॉक्टरांना विचारून जरूर द्या, कारण गोल जंत आईच्या दुधातून पिल्लांत जातात.

प्रश्न : छान पेटी केली, गादी घातली. पण ती कपाटात कपड्यांवर जाऊन बसते.

तिला अंधार, आडोसा आणि शांतता हवी असते, आणि पेटी बहुधा येण्याजाण्याच्या वाटेवर असते. पेटी कपाटाशेजारीच नेऊन ठेवा आणि वरून अर्धी झाका. तिला अंग ताणून आडवं होता येईल एवढी लांबी हवी. उंबरठा 12-15 सेंटिमीटरचा ठेवा. त्यावरून ती सहज ओलांडते, पण सडाला चिकटून राहिलेलं पिल्लू तिच्याबरोबर बाहेर ओढलं जात नाही. गादी काढून टाका. फुगीर गादीच्या घडीत पिल्लू अडकतं आणि आईच्या अंगाखाली चेंगरतं. तळाशी वर्तमानपत्राचे थर आणि वर घट्ट बसवलेली जुनी चादर पुरे. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं गुंततात. शेवटच्या दोन आठवड्यांत तिला तिथेच खायला द्या. तरीही तिने कपाटच निवडलं, तर कपडे काढून चादर तिथे अंथरा आणि हरलात असं समजू नका.

प्रश्न : मागच्या वेळी पहिल्या पिल्लानंतर चार तास काहीच झालं नाही आणि आम्ही घाबरून गेलो. किती वेळ थांबणं ठीक, आणि कधी धावावं?

कळांच्या आधी ती अस्वस्थ होते. पेटी उकरते, खाणं टाकते, धापा टाकते, कधी जोरात गुरगुरते, कधी तुमच्या मागे मागे फिरते. ही अवस्था सहा ते बारा तास, पहिलटकरणीत चोवीस तासांपर्यंतही चालते. यात जोर लावणं नसतं. गुदद्वारात मोजलेलं तापमान 37.8 अंश सेल्सियसच्या खाली गेलं तर बहुधा दिवसभरात पिल्लं होतात, पण प्रत्येक मांजरीत ही घसरण सापडत नाही. त्यासाठी तिला दर दोन तासांनी छळू नका.

मग पोट आवळून जोर लावणं सुरू होतं. इथपासून घड्याळ पाहा. पहिलं पिल्लू सहसा अर्ध्या तासात येतं, पुढची दहा मिनिटं ते तासाभराच्या अंतराने. डोकं आधी की मागचे पाय आधी, याची चिंता नको. मांजरांत पायांकडून येणारी पिल्लं पुष्कळ असतात आणि ती नीट जन्मतात.

तुमच्या मांजरीसारखी मधली विश्रांतीही मांजरांत नवी नाही. दोन पिल्लं झाल्यावर ती बारा, क्वचित चोवीस तास थांबते आणि मग उरलेली देते. या विश्रांतीत ती निवांत असायला हवी. पिल्लांना चाटते, पाजते, खातेपिते, जोर लावत नाही. असं असेल तर दिवे मंद करा आणि बाजूला व्हा.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर मात्र लगेच निघा. वीस ते तीस मिनिटं जोराच्या कळा येऊनही पिल्लू नाही. पिल्लाचा काही भाग बाहेर दिसतोय आणि दहा मिनिटांत पुढे सरकलं नाही. ताजं लाल रक्त दहा मिनिटांहून जास्त वाहतंय. पहिलं पिल्लू होण्याआधीच गडद हिरवट स्राव आला, म्हणजे वार सुटली आहे आणि आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटतोय. मांजरी गळून गेली आहे, थरथरते आहे, किंवा विश्रांतीच्या काळातही कण्हते आहे. निघताना झालेली पिल्लं उबदार खोक्यात बरोबर घ्या. डॉक्टरांचा रात्रीचा फोन नंबर मात्र 55 व्या दिवशीच लिहून ठेवायचा असतो.

अडकलेलं पिल्लू ओढण्याची वेळ आलीच, डॉक्टर दूर असले, तर कोमट पाण्याने ओल्या केलेल्या स्वच्छ कापडात त्याचे खांदे किंवा कमरेचा भाग धरा, नुसता पाय किंवा डोकं कधीच नाही. कळ येईल तेव्हाच, आईच्या मागच्या पंजांच्या दिशेने, हलका ताण द्या. कळ थांबली की तुम्हीही थांबा.

प्रश्न : पिशवीत गुंडाळलेलं पिल्लू आलं आणि आईने पाहिलंच नाही. अशा वेळी आपण काय करायचं?

तिला मिनिटभर द्या. तेवढ्यात तिने पिशवी फाडली नाही तर तुम्ही फाडा, आणि तोंडापासून सुरुवात करा. पडदा ओल्या प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत असतो, चिमटीत धरून नाकावरून मागे सोलला की सुटतो. नाक आणि तोंड मऊ कापडाने पुसा. मग पिल्लू टॉवेलमध्ये धरा, डोकं थोडं खाली, मान आधारलेली, आणि पाठ व छाती जोमाने चोळा. आई खरखरीत जिभेने एवढंच करत असते. नाकातून बुडबुडे येत असतील तर ड्रॉपरने किंवा रबरी बल्बने द्रव ओढून घ्या. पिल्लाला हातात धरून झोका देण्याची जुनी पद्धत सोडून द्या, तिने मेंदूला इजा होते. चोळणं पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. निपचित पिल्लाने दहाव्या मिनिटाला पहिला उसासा टाकावा आणि मग हळूहळू जीभ गुलाबी व्हावी, असं घडतं.

नाळ ओढू नका, बेंबीला हर्निया होतो. पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर उकळलेल्या दोऱ्याने घट्ट बांधा, गाठीच्या पलीकडे कापा, टोकाला पोव्हिडोन आयोडीन लावा. श्वास लागला की पिल्लू लगेच आईच्या तोंडापाशी ठेवा. बहुतेक वेळा तिथून पुढे ती ताबा घेते.

बाहेर पडलेल्या वारा मोजा. जितकी पिल्लं, तितक्या वारा. ती दोन-तीन वारा खाईल, खाऊ द्या. सगळ्या खाल्ल्या तर जुलाब होतात, एवढंच. एखादी आत राहिल्याची शंका असेल तर डॉक्टरांना सांगा. पुढचे दोन-तीन आठवडे थोडा तांबूस-तपकिरी स्राव राहतो. त्याला घाण वास आला किंवा तिला ताप आला तर ती गर्भाशयाची लागण आहे.

प्रश्न : चार पिल्लांतलं एक बारीक आहे आणि सारखं रडतं. दूध पुरत नसेल का?

अंदाज करत बसू नका, वजन करा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर एक वाटी, रोज एकाच वेळी. पिल्लं सारखी दिसत असतील तर कानावर नेलपॉलिश लावू नका, आई चाटते. वेगवेगळ्या ठिकाणचे थोडे केस कापून खूण करा. जन्माचं वजन साधारण 90 ते 110 ग्रॅम असतं. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालतं. त्यानंतर रोज 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन दुप्पट व्हावं. एक दिवस काटा हलला नाही तर त्या पिल्लाला मागच्या, जास्त दूध असलेल्या सडाला आधी लावा. दुसऱ्या दिवशीही हलला नाही किंवा घसरला, तर वरचं दूध आणि डॉक्टर. पिल्लू आजारी दिसतं त्याच्या आधी वजन थांबतं, म्हणून आम्ही काट्यावर इतका भर देतो.

पहिल्या सोळा-अठरा तासांत प्रत्येक पिल्लाने चीक प्यायलाय ना, हेही पाहा. त्यातलं रोगप्रतिकाराचं बळ आतड्यांतून रक्तात जाण्याची वाट तेवढाच वेळ उघडी असते.

रडणाऱ्या पिल्लाच्या तोंडात करंगळीचं टोक घाला. आत गरम लागलं आणि ते लुचू लागलं तर भूक आहे. जीभ गार लागली तर दूध देऊ नका. अंगाचं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की आतडी थंडावतात. पोटात गेलेलं दूध तिथेच साचतं, आंबतं, नाहीतर उलटून फुफ्फुसात जातं. गारठलेल्या पिल्लाला आधी दूध पाजणं ही आम्हाला दिसणारी सर्वांत घातक चूक आहे, आणि ती मायेपोटीच होते. पिल्लू अंगाला लावून कपड्यांच्या आत ठेवा, किंवा टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशी. घाई नको, तासभर किंवा अधिक लागू द्या. एकदम तापवलं तर तेही झेपत नाही. तोंड गरम झालं, चोखण्याची ओढ आली, की मग दूध.

नवजात पिल्लाला कुडकुडताही येत नाही, ते बाहेरच्या उबेवरच जगतं. पेटीत पहिल्या आठवड्यात 29 ते 32 अंश, दुसऱ्यात 27 ते 29 हवेत, पुढे कमी करत जा. गरम पिशवी पेटीच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे नको झालं की त्यांना सरकता येईल. एकावर एक रचलेली पिल्लं गारठलेली असतात, विखरून चिंचिं करणारी तापलेली.

प्रश्न : हात लावला तर आई पिल्लं टाकते, हे खरं का? आमची तर रोज जागा बदलते.

माणसाच्या वासाने ओळखीची मांजरी पिल्लं टाकत नाही. वजनासाठी दिवसातून एकदा हाताळणं निर्धोक आहे, दुसऱ्या आठवड्यापासून तर ते हवंच, माणसाची सवय दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातच लागते. जागा ती बदलते ती उजेड, वर्दळ, कुत्रा, परका बोका किंवा ओली चादर यांमुळे. कारण दूर करा, चादर रोज बदला आणि आडोशाची दुसरी पेटी तयार ठेवा. नवी जागा उबदार असेल तर परत आणू नका, नाहीतर ती आणखी लपवेल.

प्रश्न : पिल्लं दहा दिवसांची आहेत. आईचा एक स्तन कडक झालाय आणि ती पाजताना उठून जाते.

ही स्तनाची लागण असण्याची शक्यता मोठी आहे. भाग गरम, लाल किंवा जांभळट, दुखरा, आणि दूध घट्ट, पिवळट किंवा रक्ताळ. आजच डॉक्टरांना दाखवा, प्रतिजैविक लागतं आणि ते पाजणाऱ्या आईला चालणारं हवं. तोवर कोमट ओल्या कापडाने दिवसातून तीन-चार वेळा शेका आणि पिल्लांची नखं बोथट करा, ओरखड्यांतूनच जंतू आत जातात. स्तन काळपट पडला किंवा पू दिसला तर त्या सडाला पिल्लं लावू नका.

याच दिवसांत ती ताठ पायांनी चालू लागली, थरथरली, धापा टाकू लागली, तर ते कॅल्शियम घसरल्याचं लक्षण आहे. पिल्लं ताबडतोब दूर करा आणि तासाच्या आत दवाखाना गाठा. तोंडाने काही पाजू नका.

प्रश्न : आई गेली. पिल्लू तीन दिवसांचं आहे. गाईचं दूध चालेल का?

नाही. त्यात मांजराच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि चरबी कमी, दुग्धशर्करा जास्त, म्हणून जुलाब होतात आणि पिल्लू सुकतं. मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणा. त्याहून चांगलं म्हणजे दुसरी नुकती व्यालेली मांजरी. तिच्या पिल्लांच्या चादरीने नवं पिल्लू पुसून त्यांच्या घोळक्यात सोडलं की ती बहुधा घेते.

पावडरीचं दूध दर 100 ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण 20 मिलिलिटर, आणि एका वेळी 100 ग्रॅममागे 4 मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. पोटच तेवढं असतं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दूध 38 अंशांच्या आसपास, मनगटावर कोमट लागेल असं. पिल्लू पोटावर पालथं, डोकं किंचित वर, आईला लुचतं तसं. माणसाच्या बाळासारखं पाठीवर धरलं की दूध श्वासनळीत जातं. सिरिंज दाबू नका, त्यालाच ओढू द्या. नाकातून दूध आलं तर थांबा, डोकं खाली करा, पुसा.

प्रत्येक दुधानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलके टिपा. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला त्याशिवाय लघवी किंवा शी होत नाही.

प्रश्न : पिसवांवर कुत्र्याचं औषध पिल्लांना लावू का?

अजिबात नको. कुत्र्यांच्या पुष्कळ औषधांत पर्मेथ्रिन असतं, मांजराला ते मारतं. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढा. फार असतील तर मानेखालचा भाग कोमट साबणपाण्याने धुऊन लगेच पूर्ण कोरडा करा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी रक्त शोषून घेतलंय, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : दूध कधी तोडायचं? आणि आईचं ऑपरेशन?

चौथ्या आठवड्यात उथळ ताटलीत मऊ खाद्य कोमट पाण्यात कालवून ठेवा. पहिले दोन दिवस पिल्लं त्यात चालतील, चालू द्या. याच सुमारास शी-लघवीसाठी बुटका ट्रे द्या, पण गोळा होणारी माती नको, पिल्लं ती खातात आणि आतड्यात ती घट्ट बसते. जंतांचं औषध तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, वजनानुसार. आठव्या आठवड्यापर्यंत पिल्लं आपली खाऊ लागतात. नव्या घरी त्याआधी पाठवू नका, बाराव्या आठवड्यापर्यंत थांबलात तर जास्त बरं.

दूध तुटल्यावर दोन आठवड्यांनी स्तन सुकतात, तेव्हा ऑपरेशनची तारीख घ्या. तोवर दार-खिडक्या बंद ठेवा. काही मांजरी पाजत असतानाच माजावर येतात आणि पुन्हा गाभण राहतात. घरात ठेवलेल्या पिल्लांचंही मोजत राहा. माद्या चौथ्या महिन्यातच माजावर येऊ शकतात, आणि बोक्याला आई-बहीण कळत नाही.